घरचं धन विद्यापीठाला देणारा माणूस : भारत कला भवनचे राय कृष्णदास

काशीला जाणाऱ्या मराठी माणसाची वाट साधारण ठरलेली असते. विश्वनाथ, अन्नपूर्णा, दशाश्वमेध, पंचगंगा, जमलंच तर सारनाथ. अर्धा दिवस हाताशी उरला तर रिक्षावाला त्याला लंकेच्या सिंहद्वारातून बनारस हिंदू विद्यापीठात नेतो, तिथलं उंच शिखराचं नवं विश्वनाथ मंदिर दाखवतो आणि परत आणतो. त्याच आवारात भारत कला भवन नावाचं संग्रहालय आहे. एक लाखाहून जास्त वस्तू, त्यात सुमारे १२ हजार चित्रं. मुघल, राजस्थानी, पहाडी लघुचित्रं, गुप्तकाळातल्या मूर्ती, राजघाटच्या मातीतून निघालेली भाजक्या मातीची डोकी, किनखाब, शाली, नाणी, पोथ्या. देशातल्या विद्यापीठांकडे असलेल्या कलासंग्रहांत याची गणना अगदी वरच्या ओळीत होते.

हा संग्रह राजाचा नव्हता, सरकारनं जमवलेला नव्हता. बनारसच्या एका घरातून तो सुरू झाला आणि त्या घरातल्या माणसानं साठ वर्षं तो वाढवला, सांभाळला. राय कृष्णदास हे त्यांचं नाव. हिंदी साहित्यात ते गद्यगीतांचे लेखक म्हणून ओळखले जातात आणि कलेच्या अभ्यासकांत जाणकार संग्राहक म्हणून. मराठी वाचकांना मात्र हे नाव फारसं ऐकून माहीत नाही.

खर्चिक घराण्याचा वारस

राय कृष्णदासांचा जन्म नोव्हेंबर १८९२ मध्ये काशीच्या एका सधन अगरवाल घराण्यात झाला. 'राय' ही घराण्याची जुनी पदवी. वडील राय प्रह्लाददास हे भारतेंदु हरिश्चंद्रांचे आतेभाऊ. आधुनिक हिंदीचा पाया घालणारे भारतेंदु म्हणजे काशीतल्या मोठ्या सावकारी घराण्यातले. त्यांनी मासिकं काढली, नाटकं लिहिली, लेखकांना पोसलं, पैसा दोन्ही हातांनी उधळला आणि १८८५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी कर्ज मागे ठेवून गेले.

म्हणजे साहित्य आणि कलेपायी घर कसं रिकामं होतं, याचं उदाहरण कृष्णदासांच्या नात्यातच होतं. व्यापारी घराण्यातल्या शहाण्या मुलानं त्यावरून एकच धडा घेतला असता. यांनी नेमका उलटा घेतला.

वडील लहानपणीच गेले. शाळेचं शिक्षण फार पुढे गेलं नाही. पण घरात पुस्तकं होती, येणारी-जाणारी माणसं मोठी होती. हिंदी, संस्कृत, बंगाली, इंग्रजी त्यांनी बहुतेक घरीच मिळवली. महावीरप्रसाद द्विवेदींसारख्या संपादकाचा सहवास लाभला. मैथिलीशरण गुप्त आणि जयशंकर प्रसाद हे कवी जन्माचे मित्र झाले. रवींद्रनाथांच्या लेखनाचा मनावर मोठा ठसा होता. १९१९ मध्ये 'साधना' हे गद्यगीतांचं पुस्तक आलं आणि हिंदीत त्या प्रकाराचे सुरुवातीचे लेखक म्हणून त्यांचं नाव झालं. पुढे त्यांनी भारती भांडार ही प्रकाशन संस्था काढली. प्रसादांची पुस्तकं तिथून निघाली. मित्राचं लिखाण नीट छापलं जावं यासाठी स्वतः प्रकाशक होणं, हाही त्याच स्वभावाचा भाग.

गावातला माल बाहेर चालला होता

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानातली जुनी घराणी मोडत होती. हवेल्यांची वाटणी व्हायची, आणि वाटणीत सोनं-जमीन मोजली जायची. चित्रांचे अल्बम, पोथ्या, जुने किनखाब यांना कुणी वाली नसायचा. दलाल ते पडेल भावात उचलायचे. जरीचं कापड तर जाळून आतलं सोनं-चांदी काढायची रीतच होती. चांगली चित्रं युरोप-अमेरिकेच्या वाटेला लागायची. हॅवेल, अवनींद्रनाथ ठाकूर आणि आनंद कुमारस्वामी यांनी भारतीय चित्रकलेबद्दल लिहायला-बोलायला सुरुवात केली तोवर बराच माल निघून गेला होता.

कुमारस्वामींचीच गोष्ट घ्या. १९१०-११ च्या अलाहाबाद प्रदर्शनात कलाविभागाचं काम त्यांच्याकडे होतं. त्या निमित्तानं त्यांनी उत्तर भारतातून उत्तमोत्तम चित्रं गोळा केली. हा संग्रह देशातच राहावा, त्यासाठी एक राष्ट्रीय संग्रहालय उभं राहावं, अशी त्यांची इच्छा होती. आपला संग्रह द्यायलाही ते तयार होते. पण इमारत आणि पैसा घेऊन कुणी पुढे आलं नाही. १९१७ मध्ये कुमारस्वामी अमेरिकेत गेले आणि तो संग्रह बोस्टनच्या संग्रहालयात जाऊन बसला. राजपूत चित्रकलेचा अभ्यास करायचा तर आजही बोस्टनची वारी चुकत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी बनारसमध्ये राय कृष्णदास उभे राहिले. मागे संस्थान नाही, वय २७.

गोदौलियातली भाड्याची जागा

१ जानेवारी १९२० रोजी भारतीय कला परिषद सुरू झाली. जागा गोदौलियातली, भाड्याची. अध्यक्ष रवींद्रनाथ ठाकूर. संग्रहाचं बीज म्हणजे कृष्णदासांनी स्वतः जमवलेल्या वस्तू. सुरुवातीचा बेत मोठा होता. जुनी चित्रं-मूर्ती जमवायच्या, शिवाय चित्रकला आणि संगीत शिकवायचं.

आपल्याकडच्या वाचकाला यातली अडचण चटकन कळेल. बडोद्याचं संग्रहालय सयाजीराव गायकवाडांनी उभारलं, औंधचं भवानराव पंतप्रतिनिधींनी. दोघांच्या पाठीशी संस्थानाची तिजोरी होती. कृष्णदासांची तुलना करायची तर ती पुण्याच्या दिनकर केळकरांशी करावी लागेल. साधारण त्याच काळात केळकरही दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवत फिरत होते. घरचा पैसा घालायचा, वस्तू आणायची, पुढच्या वस्तूसाठी पुन्हा पैसा उभा करायचा, हा दोघांचाही हिशेब. व्यापाराच्या भाषेत बोलायचं तर सगळा खर्च आणि येणं शून्य.

भाड्याच्या जागेत संग्रहालय चालवणं किती अवघड हे पुढच्या काही वर्षांत दिसलं. संग्रह गोदौलियातून हलला, कमच्छाला सेंट्रल हिंदू स्कूलच्या आवारात गेला. चित्र-संगीत शिकवण्याचा बेत मागे पडत गेला. संग्रह तेवढा टिकला. अखेर १९२९ मध्ये नागरी प्रचारिणी सभेनं त्याला आपल्या इमारतीत जागा दिली आणि 'भारत कला भवन' हे नाव रूढ झालं. सभा १८९३ पासून हिंदीचं काम करत होती, तिचं ग्रंथालय नावाजलेलं होतं. शब्दांच्या घरात चित्रांना आसरा मिळाला.

रंग ओळखणारी नजर

नुसता पैसा असून संग्रह होत नाही. जुन्या चित्रांच्या बाजारात नकला तेव्हाही भरपूर होत्या. कृष्णदासांची नजर तयार झाली ती पुस्तकांइतकीच कारागिरांकडून. बनारसमध्ये उस्ताद रामप्रसाद नावाचे जुन्या मुघल परंपरेतले चित्रकार होते. त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेली. कृष्णदासांनी त्यांना आधार दिला आणि त्यांच्याकडून ती विद्या समजून घेतली. कागदावर कागद चिकटवून वसली कशी तयार करतात, ती घोटून गुळगुळीत कशी करतात, खारीच्या केसांचा कुंचला कसा बांधतात, हिंगूळ, हरताळ, काजळी यांचे रंग कसे बसतात, बारीक टिपक्यांनी छाया कशी आणतात, हे सारं.

हे ज्ञान त्या वेळच्या कलेच्या पुस्तकांत फारसं नव्हतं. चित्र कुठल्या शैलीचं, कुठल्या काळातलं, नंतर कुणी रंग चढवलाय का, हे ओळखायला ते उपयोगी पडायचं. चित्रं बघण्याची ही कारागिराची पद्धत त्यांनी अभ्यासकाच्या पद्धतीला जोडली. १९३९ मध्ये त्यांची 'भारत की चित्रकला' आणि 'भारतीय मूर्तिकला' ही दोन पुस्तकं हिंदीत आली. कलेचा इतिहास म्हणजे इंग्रजीत लिहायचा विषय, अशी समजूत असलेला तो काळ. ज्याला इंग्रजी येत नाही त्या माणसालाही अजिंठा, मुघल कलम आणि कांगडा समजावं, ही त्यामागची तळमळ.

त्याच सुमारास शहराच्या उत्तर टोकाला राजघाटावर रेल्वेचं काम निघालं. काशी स्टेशनच्या विस्तारासाठी १९३९-४० मध्ये जमीन खणली तेव्हा खाली जुनी वाराणसी सापडली. मातीच्या मुद्रा, मणी, भांडी, आणि गुप्तकाळातल्या स्त्री-पुरुषांची भाजक्या मातीची सुबक डोकी, एकेकाची केशरचना वेगळी. पुरातत्त्व खात्याचं शास्त्रीय उत्खनन १९४० मध्ये झालं, पण त्याआधी ठेकेदारांच्या मजुरांच्या फावड्याखाली बरंच काही वर आलं होतं. त्यातलं पुष्कळ कला भवनात पोचलं. ते वेळेवर उचललं गेलं नसतं तर बाजारात पांगलं असतं. आज राजघाटच्या मृण्मूर्तींचा अभ्यास कला भवनाच्या संग्रहाशिवाय होत नाही.

दुसरं उदाहरण 'लौर-चंदा' या पोथीच्या पानांचं. मौलाना दाऊद यांनी चौदाव्या शतकात अवधी भाषेत लोरिक आणि चंदा यांची प्रेमकथा लिहिली. तिच्या एका सचित्र पोथीची मोजकी पानं कला भवनात आहेत, ती पंधराव्या शतकातली मानली जातात. मुघलांच्या आधी उत्तर भारतात चित्रकला होती का, कशी होती, या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या फार थोड्या पुराव्यांपैकी हा एक. कृष्णदासांनी १९५५-५६ मध्ये 'ललित कला' या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. याच काव्याची आणखी एक सचित्र पोथी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

मुंबईच्या त्या संग्रहालयाशी कला भवनाचा दुवा पोथीपुरता नाही. १९५० पासून १९७४ पर्यंत तिथले संचालक असलेले डॉ. मोतीचंद्र हे काशीचेच, आणि तेही भारतेंदूंच्या घराण्यातले. एकाच शहरातल्या, एकाच गोतावळ्यातल्या दोन माणसांनी दोन मोठी संग्रहालयं सांभाळली. एकानं मुंबईत पगारी संचालक म्हणून, दुसऱ्यानं काशीत घरचं घालून.

देऊन टाकण्याचं वर्ष

दुसरं महायुद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, आणि नागरी प्रचारिणी सभेतली जागा अपुरी पडू लागली. संग्रह हजारोंच्या घरात गेला होता. कृष्णदास पन्नाशी ओलांडून पुढे गेले होते. आपल्यानंतर याचं काय, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकापुढे येतोच. त्याला तीनच वाटा असतात. वारसांत वाटणी, विक्री किंवा दान. पहिल्या दोन वाटांनी संग्रह फुटतो. तिसरी वाट धरली तरी घेणारा कसा निघेल याची खात्री नसते.

विक्रीला गिऱ्हाईकं होतीच. लघुचित्रांना परदेशात भाव येऊ लागला होता. कृष्णदासांनी बनारस हिंदू विद्यापीठ निवडलं. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी उभं केलेलं हे विद्यापीठ शहराच्या दक्षिणेला मोठ्या आवारात पसरलेलं. १९५० मध्ये भारत कला भवन विद्यापीठाचा भाग झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली.

विद्यापीठात कलासंग्रहालय ही कल्पना नवी नव्हती. कोलकाता विद्यापीठात आशुतोष संग्रहालय १९३७ पासून होतं. पण १९५० हे वर्ष या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखं. त्याच वर्षी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकवायला आले. बडोद्यात नवे चित्रकार घडत होते, काशीत जुन्या चित्रांना कायमचं घर मिळत होतं. कलेला विद्यापीठात पदवीच्या बरोबरीनं जागा आहे, हे दोन्हीकडे एकाच वेळी मान्य झालं.

मान्य होणं वेगळं आणि चालवणं वेगळं. कोनशिला १९५० ची, पण नव्या इमारतीत संग्रहालय लोकांसाठी उघडलं १९६२ मध्ये. बारा वर्षं गेली. विद्यापीठाचं गाडं वर्ग, परीक्षा, वसतिगृह आणि अनुदान यांवर चालतं. संग्रहालयाच्या गरजा निराळ्या. बनारसचा उन्हाळा कागद कडक करतो, पावसाळा बुरशी आणतो. लघुचित्र सतत उजेडात ठेवलं तर रंग उडतो, म्हणून थोडीच मांडायची आणि बाकीची अंधाऱ्या, कोरड्या खोलीत जपायची. प्रत्येक वस्तूची नोंद हवी, रात्रीचा पहारा हवा. परीक्षेच्या निकालात यातलं काही दिसत नाही, त्यामुळे पैसे मागताना बाजू लंगडी पडते. आवारातलं संग्रहालय चालवणाऱ्या कुणालाही ही रस्सीखेच आजही ओळखीची वाटेल.

कृष्णदासांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. आयुष्यभर ज्या वस्तू स्वतः निवडून आणल्या, त्या आता कायद्यानं त्यांच्या राहिल्या नव्हत्या. कालचा मालक आज मानद संचालक. पुष्कळ संग्राहकांना हे जमत नाही. दान देतात आणि किल्ली खिशात ठेवतात. कृष्णदासांनी उरलेली तीस वर्षं संस्थेलाच दिली. अर्थात दुसरी बाजूही खरी. संस्था एका माणसाच्या नजरेवर, ओळखींवर आणि शब्दावर उभी राहिली की त्या माणसाशिवाय ती चालेल का, हा प्रश्न राहतोच. चित्र कुठून आलं, कुणी दिलं, खरं की नक्कल, हे एकाच माणसाच्या डोक्यात राहून चालत नाही, ते कागदावर यावं लागतं. विद्यापीठात आल्याचा खरा फायदा इथेच झाला. प्राचीन इतिहास आणि कला शिकणारे विद्यार्थी समोर होते. वासुदेवशरण अग्रवालांसारखे विद्वान विद्यापीठात आले. १९५७ पासून विद्यापीठानंच राजघाटावर उत्खनन हाती घेतलं. वस्तू आणि त्यांचा अभ्यास एकाच आवारात आला. संग्रहालयाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९७१ मध्ये 'छवि' हा जाडजूड ग्रंथ निघाला. संपादन कृष्णदासांचे चिरंजीव आनंद कृष्ण यांचं, जे स्वतः कलेतिहासाचे अभ्यासक झाले. मुलाला वारसा मिळाला तो विद्येचा. चित्रं विद्यापीठाकडेच राहिली.

देणारा हात पुढे आला की मागून इतरही येतात. असी घाटावर वर्षानुवर्षं राहिलेल्या स्विस कलावंत ॲलिस बोनर यांच्या नावाचं दालन आज तिथे आहे. निकोलस रोरिक यांची चित्रंही आहेत.

मराठी काशी आणि कला भवन

काशीत मराठी वस्ती जुनी. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासूनची घरं. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. कला परिषद स्थापन झाली त्याच १९२० साली बनारसमध्ये 'आज' हे हिंदी दैनिक सुरू झालं आणि पुढे त्याचे संपादक म्हणून गाजले ते काशीतच जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर. मराठी घरातला माणूस हिंदी पत्रकारितेचा आधारस्तंभ झाला. काशीचं हे असं आहे. तिथे कोण कुठल्या प्रांताचा यापेक्षा कोण काय काम करतो, याला किंमत.

१९८० मध्ये भारत सरकारनं राय कृष्णदासांना पद्मविभूषण दिलं. त्या वर्षीच्या यादीत बनारसचंच दुसरं नाव होतं, शहनाईनवाज बिस्मिल्ला खाँ यांचं. त्याच वर्षी कृष्णदास गेले. वय ८७. त्यांच्या गौरवासाठी तयार होत असलेला 'छवि'चा दुसरा खंड १९८१ मध्ये छापून आला, तेव्हा तो बघायला ते नव्हते.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, तंजावर. मराठी माणसं जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथे माळ्यावर मोडी कागदांची बोचकी आहेत, देवघरात सचित्र पोथ्या आहेत, ट्रंकेत आजीचे जरीचे शालू आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. वाडे विकले जातायत. त्या बोचक्यांचं काय करायचं हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत पडून आहे, आणि बऱ्याचदा त्याचा निकाल रद्दीवाला लावतो. तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागद आज अभ्यासाला मिळतात ते सरस्वती महाल ग्रंथालयानं जपले म्हणून. राय कृष्णदासांनी आपल्या घरचा निकाल ५८ व्या वर्षी, हातपाय धड असताना, स्वतः लावला. घेणारी संस्था बघितली, वस्तू नोंदवून दिल्या आणि पुढे तीस वर्षं त्यांच्याजवळ राहून त्या कशा ठेवायच्या हे शिकवलं. ज्यांच्या घरी असं बोचकं आहे त्यांनी पुढच्या काशीवारीत अर्धा दिवस कला भवनासाठी राखून ठेवावा.